बेचाळिसाव्या दिवसानंतर: गडचिरोलीचे दोन पेपर पुन्हा वाचताना

एम.एस्सी. नर्सिंग, फिजिओथेरपी किंवा एमपीएच करणाऱ्या तुमच्यापैकी बऱ्याच जणी सिनॉप्सिससाठी विषय शोधता शोधता एका शीर्षकापाशी येऊन थांबतात: 'बाळंतपणानंतर लघवी सुटण्याच्या तक्रारीवर केगल व्यायामांचा परिणाम'. विषय उत्तम आहे. गरजेचा आहे. पण त्यावरचे बरेचसे प्रबंध ज्या पद्धतीने केले जातात ती वाचली की मला हात कपाळाला लावावासा वाटतो. का, ते पुढे सांगते. त्याआधी दोन पेपर बघू. महाराष्ट्रात स्त्री-आरोग्यावर काहीही लिहायचं म्हटलं की 'पूर्वीचे संशोधन' या प्रकरणात ते येतातच, आणि बहुतेक वेळा फक्त सारांश वाचून येतात. दोन्ही गडचिरोलीचे, दोन्ही डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेचे.

वाचताना एकच गोष्ट शोधायची आहे. संशोधकाने त्या बाईच्या दारावर थाप मारणं कोणत्या दिवशी थांबवलं, आणि थाप मारल्यावर नेमकं विचारलं काय?

शरीराबद्दल दोन वाक्यं, कारण सगळेच काही वैद्यकीय शाखेचे नाहीत. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. तिच्यावर मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय टेकलेले असतात, आणि तिच्यातूनच लघवीचा, बाळाचा आणि शौचाचा मार्ग जातो. बाळंतपणात ही झोळी प्रचंड ताणली जाते, कधी फाटते. मग खोकलं की लघवीचे थेंब जाणं, घाई लागली की थांबता न येणं, वायू किंवा शौच न आवरणं, खाली काहीतरी उतरल्यासारखं जड वाटणं, संबंधाच्या वेळी दुखणं असं मागे लागतं. आपल्याकडे 'अंग बाहेर येणं' म्हणतात ते याच कुटुंबातलं. बऱ्याच जणींचं काही महिन्यांत पुष्कळ सुधारतं. काहींचं राहतं, आणि वयाबरोबर वाढतं.

आता पहिला पेपर. जानेवारी १९८९, लॅन्सेट. वसा आणि अमिर्झा ही दोन गावं, ६५० स्त्रिया. मुलाखत, अंतर्गत तपासणी आणि प्रयोगशाळेतल्या चाचण्या. ९२ टक्के स्त्रियांमध्ये स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक आजाराचा किमान एक प्रकार सापडला, सरासरी दर बाईमागे ३.६ आजार. हे आकडे तुम्ही दहा ठिकाणी वाचले असतील. त्याच सारांशातले दुसरे दोन आकडे मात्र कुणी उचलत नाही. ५५ टक्के जणींनी तक्रार सांगितली होती, ४५ टक्के जणींना काहीच तक्रार नव्हती. आणि आधी कधी स्त्रीरोगासाठी तपासणी व उपचार झालेल्या फक्त ८ टक्के.

त्या काळात हा पेपर किती धाडसी होता हे आज लक्षात येणार नाही. ग्रामीण बाईचं आरोग्य म्हणजे कुटुंबनियोजन आणि गरोदरपण, एवढंच शासनाच्या आणि देणगीदारांच्या डोक्यात होतं. गरोदर नसलेल्या बाईलाही शरीर असतं, हे आकड्यांत मांडलं ते इथे. पुढे अनेक राज्यांत तशी पाहणी झाली. राणी बंग यांचं 'कानोसा' हे पुस्तकही याच मातीतलं. संशोधनात शिरण्याआधी ते वाचाच. बाईला बोलतं करणं हे कसब आहे हे त्यातून कळतं, आणि कुठल्याही रिसर्च मेथडॉलॉजीच्या पाठ्यपुस्तकात ते मिळत नाही.

पण टीका करायची तर करू. पहिली गोष्ट, दोन गावं म्हणजे महाराष्ट्र नव्हे. 'भारतातील ९२ टक्के ग्रामीण स्त्रियांना…' असं जे वाक्य प्रबंधांमधून फिरतं ते मूळ लेखकांच्या माथी मारू नका. दुसरी, सगळ्याच पात्र स्त्रिया तपासणीला आल्या नव्हत्या. ज्या आल्या त्यांच्यात त्रास असलेल्या जास्त होत्या का, हा प्रश्न अशा प्रत्येक पाहणीला विचारावाच लागतो. १९९८ साली कोएनिग, जेजीभॉय आणि सहकाऱ्यांनी भारतातल्या अशा अभ्यासांचा आढावा घेतला. बाई स्वतः सांगते तो त्रास आणि डॉक्टरला तपासणीत दिसतो तो आजार, हे दोन्ही जुळत नाहीत, हा त्यातला मोठा मुद्दा होता.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. या पेपरमधला निम्मा आजारभार जननमार्गाच्या संसर्गाचा होता. त्यामुळे पुढे चर्चा झाली ती संसर्गाची, पांढरं जाण्याची. आणि संसर्ग शोधण्याचा जो तर्क असतो, म्हणजे 'बाईच्या सांगण्यावर विसंबू नका, तपासा, स्लाइड बघा', तोच तर्क स्त्री-आरोग्याच्या सगळ्या पाहण्यांना चिकटला. झोळीच्या तक्रारींना तो लागू पडत नाही. खोकताना थेंब जातो का, हे तपासणीच्या टेबलावर उताण्या पडलेल्या बाईत दिसेलच असं नाही. ते तिलाच माहीत असतं. उलट अंग उतरायला सुरुवात झाली असेल तर ते तपासणीत दिसतं, पण योनिमुखापर्यंत येईतो बहुतेकींना जाणवतच नाही. म्हणजे एका तक्रारीसाठी प्रश्न हे मुख्य साधन, दुसरीसाठी तपासणी (१९९६ पासून त्यासाठी पीओपी-क्यू नावाची मोजमापाची पद्धत आहे). दोन्ही 'पेल्व्हिक फ्लोअर डिसऑर्डर' या एका रकान्यात कोंबून एकच टक्केवारी दिलेली दिसली की पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढा.

दुसरा पेपर २००४ चा, बीजेओजीमधला. गडचिरोलीतली ३९ गावं, १९९५-९६ या वर्षातल्या ७७२ बाळंतिणी. गावातल्याच प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्या शेवटच्या तिमाहीपासून घरी जाऊन नोंदी करत होत्या. रुग्णालयात पोचलेल्या बायका मोजायच्या आणि त्यावरून गावाचा अंदाज बांधायचा, ही नेहमीची चूक इथे नाही. घरातलं बाळंतपण घरातच पाहिलं. ५२.६ टक्के स्त्रियांना काही ना काही त्रास झाला. प्रसूतीच्या वेळी १७.७ टक्के, पण नंतरच्या दिवसांत ४२.९ टक्के. बाळ-बाळंतीण सुखरूप, असं सगळं घर म्हणत असतं त्या दिवसांत खरा त्रास जास्त होता. सारांशात नंतरचे त्रास दिसतात ते असे: स्तनांच्या तक्रारी १८.४ टक्के, उशिराचा रक्तस्राव १५.२, जननमार्गाचा संसर्ग १०.२, झोप न येणं ७.४. लघवी सुटण्याचं, अंग उतरण्याचं नाव त्या यादीत नाही.

का नसेल? निरीक्षण अठ्ठाविसाव्या दिवशी संपलं.

यात लेखकांचा दोष काढण्यात अर्थ नाही. ती सगळी यंत्रणा नवजात बाळं वाचवण्याच्या अभ्यासासाठी उभी होती, आणि नवजात म्हणजे २८ दिवस. आईची नोंद त्या चौकटीत जेवढी बसली तेवढी झाली. पण वाचक म्हणून तुम्हाला हे दिसलं पाहिजे की आईच्या आजाराची खिडकी बाळाच्या वयाने ठरली. बाकी जगाची खिडकीही फार मोठी नाही. प्रसूतीनंतरचे ४२ दिवस हीच 'माते'ची अधिकृत मुदत. माता-मृत्यूची व्याख्या तिथे थांबते आणि तिच्या मागोमाग बहुतेक अभ्यासही.

आपला सव्वा महिना आणि शास्त्राचे ४२ दिवस किती जवळजवळ पडतात बघा. मी सोलापुरात भवानी पेठेत राहते. इथे पूर्व भागात यंत्रमाग आणि विड्या यांच्यावर चालणारी घरं आहेत, बरीचशी तेलुगू बोलणारी. सव्वा महिना बाळंतिणीला शेक, पोटाला घट्ट फडकं, डिंकाचे लाडू, जमेल तेवढी विश्रांती. त्यानंतर ती सूप मांडीवर घेऊन विड्या वळायला बसते, कारण मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते आणि सुट्टीचे पैसे कोण देतंय? नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्या दिवशी घागरी आणि बादल्या उचलायच्या. म्हणजे झोळीवर खरा भार पडायला सुरुवात होते ती त्रेचाळिसाव्या दिवशी, आणि बरोबर त्याच दिवशी संशोधक वही मिटून निघून गेलेला असतो. 'प्रसूतीनंतर' म्हणजे आठवडा, सहा आठवडे की वर्ष, हे तुमच्या सिनॉप्सिसमध्ये स्पष्ट लिहिलं नसेल तर पुढचं सगळं हवेत आहे.

डिसेंबर २०२३ मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये बाळंतपणाच्या मध्यम आणि दीर्घ मुदतीच्या परिणामांवर एक मोठा आढावा आला. अंदाज असा की जगात दरवर्षी किमान ४ कोटी स्त्रियांना बाळंतपणामुळे असा लांबणारा त्रास होतो. संबंधाच्या वेळी दुखणं ३५ टक्के, शौच किंवा वायू न आवरणं १९ टक्के, लघवी सुटणं ८ ते ३१ टक्के. शेवटच्या आकड्यावर थांबा. ८ आणि ३१ यांत जवळपास चौपट अंतर आहे. देशोदेशी बायकांचे स्नायू चौपटीने वेगळे नसतात. फरकाचा मोठा वाटा पडतो तो कधी विचारलं, कुणी विचारलं आणि कोणत्या शब्दांत विचारलं यातून. व्हायवाला परीक्षक 'तुमच्या अभ्यासात प्रमाण इतकं कमी कसं?' असं विचारतात तेव्हा 'आमच्याकडच्या स्त्रिया कष्टाळू असतात' हे उत्तर देऊ नका. हे उत्तर मी ऐकलं आहे.

आता शब्दांकडे येते. लघवी सुटण्यासाठी जगभर वापरली जाणारी एक छोटी प्रश्नावली आहे, आयसीआयक्यू-यूआय शॉर्ट फॉर्म. गेल्या चार आठवड्यांत किती वेळा, किती प्रमाणात, रोजच्या जगण्यात किती अडथळा. एकूण गुण ० ते २१. शेवटी एक बिनगुणांचा प्रश्न: लघवी कधी सुटते? पर्यायांत खोकताना-शिंकताना आहे, झोपेत आहे, आणि शारीरिक हालचाल किंवा व्यायाम करताना आहे. हे भाषांतर घेऊन तुम्ही विडी कामगार बाईसमोर बसलात आणि 'व्यायाम करताना?' असं विचारलंत तर ती हसेल आणि 'नाही' म्हणेल. ती खरं बोलत असेल. तिने आयुष्यात व्यायाम केलेला नाही. पाण्याची घागर काखेत घेताना, तासन् तास बसून एकदम उठताना काय होतं, हे तुम्ही विचारलंच नाही.

मग प्रमाणित प्रश्नावली मोडून टाकायची का? तसंही नाही. मोडलीत तर तुमचे गुण दुसऱ्या कुठल्याच अभ्यासाशी ताडता येणार नाहीत. गुण देणारे प्रश्न जसेच्या तसे ठेवा, आणि इथल्या कामांचे प्रसंग विचारणारे प्रश्न वेगळे, त्यांच्यानंतर जोडा. 'तुम्हाला लघवीवर नियंत्रण नसण्याची समस्या आहे का' हे वाक्य माझ्या आजीला कळलं नसतं. 'खोकलं, हसलं की थेंब जातो का' हे कळलं असतं. पूर्व भागात काम करणार असाल तर तेलुगू बोलणारी मुलाखतकार लागेल, आणि ती त्याच गल्लीतली नसलेली बरी. ओळखीच्या पोरीसमोर ही गोष्ट कोण बोलणार? अजून एक. 'त्रास आहे का' आणि 'होतं का' हे वेगळे प्रश्न आहेत. 'होतं, पण बाळंतपणानंतर सगळ्यांनाच होतं, त्यात त्रास काय,' हे उत्तर पहिल्या प्रश्नात 'नाही' म्हणून नोंदलं जातं. १९८९ च्या पेपरमधल्या ४५ टक्के तक्रार नसलेल्या स्त्रियांकडे या नजरेनेही बघा.

आता केगल. आर्नोल्ड केगल यांनी १९४८ मध्ये हे व्यायाम मांडले तेव्हा सोबत एक दाब मोजणारं उपकरणही वापरलं होतं. बाईला स्वतःचा जोर डोळ्यांनी दिसावा, हा त्या पद्धतीचा गाभा होता. उपकरण गळून पडलं आणि नाव उरलं. १९९१ मध्ये बंप आणि सहकाऱ्यांनी ४७ स्त्रियांना फक्त तोंडी सूचना देऊन पाहिलं. जेमतेम निम्म्या (४९ टक्के) जणींना नीट आकुंचन जमलं. २५ टक्के जणी असा जोर लावत होत्या की त्याने त्रास वाढण्याचीच शक्यता, म्हणजे वर ओढण्याऐवजी खाली ढकलत होत्या. आता आपल्याकडच्या प्रबंधातली 'योजना' आठवा: वॉर्डात पंधरा मिनिटांचं व्याख्यान, एक माहितीपत्रक, आणि सात दिवसांनी पुन्हा प्रश्नावली. कुणाला जमलं, कुणाला नाही, हे तपासलंच नाही. मोजलं काय तर बऱ्याचदा ज्ञानाचे गुण! ज्ञान वाढलं, पी मूल्य ०.०५ पेक्षा कमी, प्रबंध मंजूर. लघवी सुटायची थांबली का, ते राहून गेलं.

जे प्रबंध लक्षणं मोजतात त्यांच्यातही एक मोठी फट आहे. एकच गट, आधी-नंतर तुलना. बाळंतपणानंतर पहिल्या काही महिन्यांत ही तक्रार पुष्कळ जणींची आपोआप कमी होते. तुम्ही सहाव्या आठवड्यात मोजलंत, व्यायाम दिलेत, अठराव्या आठवड्यात पुन्हा मोजलंत आणि गुण उतरले. हे व्यायामाने झालं की काळाने? तुलनेचा गट नसेल तर उत्तर देता येत नाही, आणि टी-टेस्टही ते देणार नाही. शिवाय सगळ्यात जास्त गुण असलेल्या बायका निवडल्या असतील तर दुसऱ्या मोजणीत ते थोडे खाली येणारच, काहीही न करता.

पुरावा नेमका काय सांगतो? २०२० चा कॉक्रेन आढावा बघा: ४६ चाचण्या, १०,८३२ स्त्रिया. गरोदरपणात सुरुवातीला, लघवी सुटत नसतानाच व्यायाम सुरू केले तर गरोदरपणाच्या शेवटी ती सुटण्याचं प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी आणि प्रसूतीनंतर तीन ते सहा महिन्यांनी २९ टक्क्यांनी कमी. पण बाळंतपणानंतर तक्रार सुरू झालेल्या स्त्रियांना उपचार म्हणून व्यायाम दिले तर किती फरक पडतो, याबद्दल आढावा अनिश्चित आहे. आता आपलं शीर्षक पुन्हा वाचा. पुरावा भक्कम आहे तो प्रतिबंधाचा, तो उद्धृत करून आपण काम करतो ते उपचारावर. अंग उतरण्याबाबत २०१४ ची लॅन्सेटमधली पॉपी चाचणी आहे: ४४७ स्त्रिया, २५ केंद्रं, फिजिओथेरपिस्टबरोबर १६ आठवड्यांत पाच भेटी, वर्षाने लक्षणं कमी. त्या सगळ्या नुकत्याच बाळंत झालेल्या नव्हत्या, हे ध्यानात ठेवून वापरा. दोन्हीकडे 'व्यायाम' म्हणजे पत्रक नव्हे. ब्रिटनच्या नाइस संस्थेची शिफारस देखरेखीखाली किमान तीन महिने, दिवसातून तीन वेळा, दर वेळी किमान आठ आकुंचनं अशी आहे. तुमची सात दिवसांची योजना यात कुठे बसते?

हे सगळं 'पद्धतीचे बारकावे' म्हणून सोडून देऊ नये यासाठी बीडचं उदाहरण पुरे आहे. २०१९ मध्ये ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून गदारोळ झाला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं, म्हणजे जवळपास १७ टक्के. (एनएफएचएस-५ मध्ये देशाचा आकडा १५ ते ४९ वयोगटात ३.३ टक्के आहे. पण वयोगट आणि निवड वेगळी असताना दोन्ही शेजारी ठेवून 'पाचपट' असं लिहू नका.) गर्भाशय काढून झोळी दुरुस्त होत नाही. लघवी सुटत असेल तर सुटत राहू शकते, आणि नंतर योनीचा वरचा भाग उतरू शकतो. ओटीपोटाच्या तक्रारीला व्यायाम, आधाराची रिंग म्हणजे पेसरी, वाट पाहणं असे टप्पे आहेत हे कुणी सांगितलंच नाही, तर 'पिशवी काढून टाका' हा एकच रस्ता उरतो. तो रस्ता ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला जास्त लवकर दाखवला जातो, आणि ऊस सोलापूर जिल्ह्यातही कमी नाही.

विषय बदलू नका, खिडकी बदला. गडचिरोलीच्याच कामातून पुढे आशा कार्यकर्तीच्या घरभेटींचा राष्ट्रीय कार्यक्रम उभा राहिला: २०११ पासून एचबीएनसी, बेचाळिसाव्या दिवसापर्यंत. २०१८ मध्ये त्याला एचबीवायसीची जोड मिळाली आणि तीच आशाताई आता तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात पुन्हा दारात येते. भेट बाळासाठी आखलेली आहे, पण दार आईच उघडते. त्या पाच भेटींपैकी तीन भेटींत तीन साधे प्रश्न जोडले तर सव्वा महिन्यानंतर काय होतं याची आपल्या शहरातली नोंद पहिल्यांदा हाताशी येईल. एका पीएचडीत जमण्यासारखं आहे. एम.एस्सी.साठी दोन वस्त्या घ्या आणि फक्त तिसरा व सहावा महिना धरा. परवानगी महापालिकेच्या आरोग्य विभागाची लागेल, त्याला वेळ जातो, आधीच अर्ज करा. आशाताईंना या कामाचा मोबदला कुठून देणार तेही बजेटमध्ये लिहा. त्यांच्याकडून फुकट काम करून घेण्याची आपल्याला फार सवय लागली आहे.

एथिक्स कमिटी विचारेल, 'हो' म्हणणाऱ्या बाईचं पुढे काय करणार? प्रश्न विचारलात की जबाबदारी आली. छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयाच्या स्त्रीरोग ओपीडीशी आणि एखाद्या फिजिओथेरपी विभागाशी पहिली मुलाखत घेण्याआधी बोलून ठेवा, कोणत्या वारी पाठवायचं ते ठरवा आणि चिठ्ठीवर तो वार मराठी आणि तेलुगू दोन्हींत छापून घ्या. विड्यांचा माल कारखान्यात द्यायचा दिवस टाळून.